पेशीपटलाचा अभ्यास कसा करावा: बीट, ऱ्हिओचे पान आणि मिठाचे पाणी

प्रत्येक पेशीला बाहेरून वेढणाऱ्या पेशीपटलाची जाडी सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर असते, आणि प्रयोगशाळेतील साध्या सूक्ष्मदर्शीला एकमेकांपासून साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावर असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. त्यामुळे काचपट्टी कितीही निगुतीने तयार केली, तरी पटलातील मेदांचे दोन थर किंवा त्यांत रुतलेली प्रथिने शाळेत कोणालाही दिसणार नाहीत. तरीही बहुतेक विद्यार्थी या विषयाची सुरुवात पुस्तकातील रंगीत आकृतीपासून करतात, तिच्यातील नावे पाठ करतात आणि कार्यांची यादी तिला मागाहून जोडतात. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. पटल कसे वागते ते आधी पाहायचे, आणि तसे वागण्यासाठी ते कशाचे व कसे बनलेले असले पाहिजे, हे त्यावरून ताडायचे. संशोधकही याच वाटेने गेले होते. झुरिक येथे अर्नेस्ट ओव्हरटन यांनी १८९० च्या दशकात वनस्पतींच्या जिवंत पेशींवर शेकडो पदार्थांची चाचणी घेतली. जे पदार्थ मेदात सहज विरघळतात ते पेशीत लवकर शिरतात, हे पाहून पेशीची सीमा मेदसदृश असावी असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांनी पटल पाहिलेले नव्हते आणि पाहण्याचे साधनही तेव्हा अस्तित्वात नव्हते.

साहित्य आणि त्याची निवड

ताजे व घट्ट बीट, ऱ्हिओचे पान, साधे मीठ, साखर, औषधांच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट (म्हणजे मुख्यतः मद्यार्क), भांडी घासण्याचा द्रवरूप साबण, तापमापी, परीक्षानळ्या किंवा एकसारखे काचेचे पेले, धारदार पाते, टिपकागद आणि १० पट व ४० पट वस्तुभिंगे असलेला सूक्ष्मदर्शी एवढे साहित्य पुरते. ऱ्हिओ ही बागेत वाफ्यांच्या कडेने लावली जाणारी, वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या पानांची वनस्पती आहे. ती मिळाली नाही तर लाल कांद्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या बाजूची जांभळी साल घ्यावी. पांढऱ्या कांद्याची साल या कामासाठी टाळावी, कारण ती दिसण्यासाठी रंजक घालावे लागते, आणि आयोडीनसारखे रंजक घातले की पेशी मरतात. मेलेल्या पेशीचे पटल आपल्याला हवे ते काहीच सांगत नाही.

बीट आणि ऱ्हिओ यांची निवड त्यांच्या रंगासाठी केली आहे. दोन्हींतील रंगद्रव्य पाण्यात विरघळणारे असून ते पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील रसाने भरलेल्या पिशवीत, साठवलेले असते. रंग आत राहिला तर पटले शाबूत आहेत आणि रंग बाहेर आला तर ती बिघडली आहेत, इतका सरळ अर्थ त्यातून लावता येतो. मात्र रिक्तिकेभोवती तिचे स्वतःचे पटल असते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या रंगाला आधी रिक्तिकेचे आणि मग पेशीचे अशी दोन पटले ओलांडावी लागतात, ही गोष्ट निष्कर्ष लिहिताना विसरू नये.

व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेले अंडे आणि पाण्यात फुगणारे मनुके हे दोन लोकप्रिय प्रयोग मी मुद्दाम वगळले आहेत. परासरण, म्हणजे पटलातून कमी तीव्र द्रावणाकडून जास्त तीव्र द्रावणाकडे होणारे पाण्याचे वहन, दाखवण्यासाठी अंड्याचा प्रयोग उत्तम आहे. परंतु कवच विरघळल्यावर जो पापुद्रा उरतो तो प्रथिनांच्या तंतूंचा असतो आणि पेशीपटलाशी त्याचा रचनेच्या दृष्टीने काहीही संबंध नसतो. मनुक्यातील पेशी वाळून केव्हाच मेलेल्या असतात. हे प्रयोग करून झाल्यावर ‘पेशीपटल निवडक्षम पारपटल (ठरावीक पदार्थांनाच वाट देणारे पटल) आहे हे सिद्ध झाले’ असे वहीत लिहिले जाते, तेव्हा शिक्षकांनी ते वाक्य खोडलेच पाहिजे.

बीटचा प्रयोग: पटल केव्हा मोडते

बीट सोलून त्याचे एकसारख्या आकाराचे, साधारण एक सेंटिमीटर बाजूचे तुकडे करावेत. कापताना पात्याखाली आलेल्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग बाहेर येतो, म्हणून सर्व तुकडे वाहत्या पाण्याखाली धुऊन मग दहा-पंधरा मिनिटे साध्या पाण्यात ठेवावेत आणि पाणी जवळजवळ रंगहीन राहीपर्यंत ते बदलत राहावे. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि मग ३० अंशांच्या नळीतले पाणीही लालभडक होऊन सगळा प्रयोग निरर्थक ठरतो. धुतलेला तुकडा थंड पाण्यात ठेवला तर पाणी फारसे रंगत नाही; ते पाहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी तयार ठेवून प्रत्येकात एकेक तुकडा बरोबर एक मिनिट बुडवावा, लगेच काढून खोलीच्या तापमानाच्या १० मिलिलीटर पाण्यात टाकावा आणि वीस मिनिटांनी तुकडा काढून घेऊन पाण्याचा रंग पाहावा. तुकडा जास्त वेळ तापवण्याचा मोह टाळावा, कारण बीटचे रंगद्रव्य फार वेळ उष्णतेत राहिले की स्वतःच फिके व तपकिरी होते, आणि रंग कमी दिसला तो पटल टिकले म्हणून की रंगद्रव्य नासले म्हणून, हे मग कळत नाही. प्रत्येक तापमानाला तीन तुकडे घेऊन सरासरी काढावी. वर्णमापक असेल तर हिरवी गाळणी लावावी, कारण हे रंगद्रव्य हिरवा प्रकाश शोषते. नसेल तर सर्वांत गडद नळीतले थोडे पाणी घेऊन त्यात समान पाणी मिसळावे, त्यातले अर्धे घेऊन पुन्हा समान पाणी मिसळावे, अशा पाच-सहा नळ्यांची उतरती रंगपट्टी करून तिच्याशी बाकीच्या नळ्या ताडाव्यात. ‘गडद’, ‘मध्यम’, ‘फिकट’ असे शब्द लिहिण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची आहे.

आलेखात रंग तापमानाबरोबर एकसारखा चढताना दिसत नाही. ४० अंशांपर्यंत तो जेमतेम हलतो आणि ५० ते ६० अंशांच्या आसपास एकदम चढू लागतो. उष्णतेने केवळ रेणूंचा वेग वाढून रंग बाहेर येत असता तर चढ इतका अचानक दिसला नसता. काही तरी मोडते आहे, असे हा आलेख सांगतो. उष्णतेने मेदांचा थर अधिक सैल होतो आणि प्रथिनांची घडी उलगडून त्यांचे मूळ स्वरूप नष्ट होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने, गळतीत कोणाचा वाटा किती हे एवढ्या प्रयोगावरून सांगता येत नाही आणि तसा दावाही करू नये.

म्हणूनच याच्या जोडीला दुसरी मालिका करावी. धुतलेले तुकडे खोलीच्या तापमानालाच साध्या पाण्यात, स्पिरिटच्या १०, २०, ४० आणि ६० टक्के मिश्रणांत आणि साबणाचे चार-पाच थेंब घातलेल्या पाण्यात वीस मिनिटे ठेवावेत. स्पिरिट ज्वालाग्राही असल्यामुळे बर्नर किंवा शेगडी विझवूनच ही मालिका हाती घ्यावी. मद्यार्काचे प्रमाण वाढेल तशी गळती वाढते आणि साबणाच्या पाण्यातही रंग उतरतो. येथे उष्णता नाही, तरीही पटल मोडले. आणि साबण व मद्यार्क या दोहोंत समान धागा असा की दोन्ही मेदाला विरघळवतात किंवा त्याची मांडणी उधळतात. ओव्हरटन यांचा निष्कर्ष पाठ करण्याची आता गरज उरत नाही. साबणाने हात धुतल्यावर कोरोनाविषाणू निष्क्रिय होतो त्याचेही कारण हेच आहे, कारण त्या विषाणूचे बाह्य आवरण यजमान पेशीच्या पटलांतूनच घेतलेल्या मेदांचे असते.

ऱ्हिओचे पान: जिवंत पटल काय अडवते

ऱ्हिओचे पान जांभळी बाजू वर ठेवून तिरके फाडावे. फाटलेल्या कडेला पारदर्शक, जांभळट पापुद्रा सुटून येतो. त्याचा नखाएवढा तुकडा काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात ठेवून बुडबुडे राहणार नाहीत अशा बेताने कव्हरस्लिप ठेवावी. आधी १० पट वस्तुभिंगाखाली एकसलग रंगाच्या पेशी शोधाव्यात आणि मग ४० पट भिंग लावावे. प्रत्येक पेशी भित्तिकेपासून भित्तिकेपर्यंत (भित्तिका म्हणजे वनस्पतिपेशीच्या पटलाबाहेरची ताठ भिंत) जांभळ्या रंगाने भरलेली दिसेल. पापुद्रा दुहेरी आला असेल तर चित्र गढूळ दिसते. अशा वेळी भिंगाशी झटापट करण्यापेक्षा नवा पापुद्रा काढणे शहाणपणाचे ठरते.

आता १०० मिलिलीटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा एक थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडावा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्यावा. काचपट्टी जागची हलवू नये, म्हणजे तीच पेशी नजरेसमोर राहते. काही मिनिटांतच जांभळा भाग भित्तिकेच्या कोपऱ्यांपासून सुटू लागतो, आक्रसत जातो आणि बहुतेक पेशींत गोलसर होऊन मध्ये किंवा एका बाजूला उभा राहतो. भित्तिका मात्र जागची हलत नाही. हा रससंकोच. मिठाचे द्रावण पेशीतील रसाच्या तुलनेत अतिपरासारी, म्हणजे जास्त तीव्र, असल्याने पाणी बाहेर गेले, हे स्पष्टीकरण सर्वांना माहीत असते; पण तेवढ्यावर थांबले तर या काचपट्टीतील निम्मा ऐवज हातचा जातो. म्हणून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न असा की भित्तिका आणि जांभळा भाग यांमध्ये जी मोकळी जागा तयार झाली, तिच्यात काय आहे? पुष्कळ जण ‘हवा’ किंवा ‘काही नाही’ असे लिहितात. तेथे मिठाचे द्रावण असते, कारण भित्तिका पाण्याला आणि मिठाला दोघांनाही वाट देते. याचाच अर्थ असा की मिठाला अडवणारी सीमा भित्तिका नाही. ती त्या आक्रसलेल्या भागाच्या कडेला आहे. पेशीभित्तिका आणि पेशीपटल यांतील फरक इतका स्वच्छ दाखवणारे दुसरे दृश्य माझ्या माहितीत नाही.

दुसरा प्रश्न, दिसणारी जांभळी कड ही पेशीपटलाची आहे का? काटेकोरपणे पाहिले तर नाही. रंग रिक्तिकेत असल्याने ती कड रिक्तिकेच्या पटलाची आहे. तिच्या बाहेर पेशीद्रव्याचा पातळ, रंगहीन थर आणि त्याच्याही बाहेर पेशीपटल असते. प्रकाश कमी करून पाहिल्यास काही पेशींत हा रंगहीन थर जाणवतो.

तिसरा प्रश्न पेशी जिवंत आहे का, हा. आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी टिपकागदाने मिठाचे द्रावण काढून घेत साधे पाणी आत सोडावे. पाणी पुन्हा आत शिरते, जांभळा भाग फुगतो आणि भित्तिकेला जाऊन भिडतो. ज्या पेशी तीव्र द्रावणात फार वेळ राहिल्या त्या पूर्वपदावर येत नाहीत. तुलनेसाठी दुसरा पापुद्रा दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात धरून त्यावर हाच प्रयोग करावा. उकळल्यावर रंग उतरून गेलेला असतो आणि मिठाच्या द्रावणात तेथे काहीही आक्रसत नाही. पाणी आहे, मीठ आहे, भित्तिकाही आहे. फक्त शाबूत पटल नाही, आणि तेवढ्याने परासरणाचा सारा देखावा बंद पडतो.

वेळ असेल तर याच पापुद्र्यांवरून पेशीरसाची संहती मोजता येते, आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ती मोजावीच. ३४.२ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण आकारमान १०० मिलिलीटर केले की एक मोलर द्रावण मिळते. त्यातले १ मिलिलीटर द्रावण व ९ मिलिलीटर पाणी म्हणजे ०.१ मोलर, ३ व ७ मिलिलीटर म्हणजे ०.३ मोलर, या हिशेबाने ०.१ ते ०.७ मोलरपर्यंतची मालिका करावी. प्रत्येक द्रावणात एक पापुद्रा वीस मिनिटे ठेवून ५० पेशी मोजाव्यात आणि त्यांपैकी किती पेशींत रससंकोच दिसतो त्याचे शेकडा प्रमाण काढावे. भित्तिकेचा एखादा कोपरा जरी सुटलेला असला तरी ती पेशी मोजणीत धरावी, आणि हा निकष सुरुवातीलाच ठरवून शेवटपर्यंत बदलू नये. आलेखात ज्या संहतीला निम्म्या पेशी आक्रसलेल्या आढळतात, ते द्रावण पेशीरसाशी जवळजवळ समपरासारी, म्हणजे तितकेच तीव्र, मानले जाते. हीच मालिका मिठाने करायची झाल्यास साखरेच्या सुमारे निम्मी मोलर संहती पुरते, कारण पाण्यात मिठाच्या प्रत्येक एककाचे दोन आयन होतात आणि परासरण कणांच्या संख्येवर चालते.

प्राण्यांच्या पेशींना भित्तिकेचा आधार नसल्याने त्यांचे वागणे वेगळे असते. साध्या पाण्यात टाकलेली लाल रक्तपेशी फुगून फुटते. शिरेतून द्यायच्या सलाइनमध्ये १०० मिलिलीटरला ०.९ ग्रॅम मीठ असते ते यामुळेच. ते द्रावण रक्तपेशींशी समपरासारी असते. रक्ताचा प्रयोग वर्गात करू नये, संसर्गाचा धोका विनाकारण ओढवून घेतला जातो.

वागणुकीवरून रचनेकडे

आतापर्यंतच्या निरीक्षणांतून तीन गोष्टी हाती आल्या: सीमा मेदाची आहे, तिच्यातून पाणी जाते, आणि मीठ, साखर व रंगद्रव्य सहज जात नाहीत. आता आकृतीकडे वळायला हरकत नाही.

पटलातील मुख्य मेद म्हणजे फॉस्फोलिपिड. त्याच्या रेणूचे फॉस्फेट असलेले डोके पाण्याकडे ओढ घेते आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या पाण्यापासून दूर राहतात. पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी असल्यामुळे, डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे आणि शेपट्या आतल्या बाजूस एकमेकींकडे, अशी दुहेरी मांडणी आपोआप होते. हा दुहेरी थर मोजमापातून सुचला तो १९२५ मध्ये, नेदरलँड्समधील लायडन येथे. गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी लाल रक्तपेशींतील मेद अॅसिटोनने काढून पाण्यावर एकपदरी पसरला आणि त्याने व्यापलेले क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाशी ताडले. ते सुमारे दुप्पट भरले. रक्तपेशी निवडण्यात मोठी हुशारी होती, कारण सस्तन प्राण्यांच्या पक्व लाल पेशीत केंद्रक नसते आणि आतली इतर पटलेही नसतात, म्हणजे मिळालेला सगळा मेद बाहेरच्या पटलाचाच. गंमत अशी की सगळा मेद अॅसिटोनने निघाला नव्हता आणि वाळवलेल्या पेशींवरून मोजलेले क्षेत्रफळही खऱ्यापेक्षा कमी होते. या दोन चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि उत्तर बरोबर आले.

पण निव्वळ मेदाच्या दुहेरी थराने सगळे वागणे उलगडत नाही. अशा थरातून प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड सहज पार होतात, पाणी सावकाश झिरपते, ग्लुकोज जवळजवळ जात नाही आणि सोडिअम-पोटॅशिअमसारखे आयन तर नाहीच. तरीही पेशीत ग्लुकोज पोहोचते आणि मज्जापेशींत आयनांची ये-जा क्षणार्धात होते. म्हणजे मेदात दुसरे काही तरी रुतलेले असलेच पाहिजे, आणि ती प्रथिने आहेत. माणसाच्या लाल रक्तपेशीच्या पटलात वजनाने सुमारे ५२ टक्के प्रथिने आणि ४० टक्के मेद असतो. मज्जातंतूंवरील मायलिन आवरणात प्रथिने पाचव्या हिश्शाच्या आसपास असतात, तर तंतुकणिकेच्या आतल्या पटलात ती तीन चतुर्थांशापर्यंत जातात. मायलिनचे काम विद्युतरोधनाचे आणि तंतुकणिकेचे ऊर्जानिर्मितीचे, हे लक्षात घेतले तर कोणत्या पटलात प्रथिने किती असतील याचा अंदाज आकडे न पाहताही बांधता येतो.

पाण्याच्या वाटेची कथा तर रससंकोच पाहिलेल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. मेदातून पाणी सावकाश झिरपते हे खरे असले, तरी लाल रक्तपेशी आणि मूत्रपिंडातील काही पेशी त्याहून कितीतरी वेगाने पाणी घेतात, आणि यामागे वेगळी वाट असावी असा संशय जुनाच होता. पीटर एग्री यांच्या गटाला रक्तपेशींच्या पटलात एक अनोळखी प्रथिन सापडले, आणि त्याचे काम ओळखण्यासाठी त्यांनी बेडकाची अंडपेशी वापरली. बेडकाची अंडी गोड्या पाण्यात घातली जातात आणि तरीही ती फुगून फुटत नाहीत, कारण त्यांचे पटल पाण्याला फारसे दाद देत नाही. या प्रथिनाचा आरएनए संदेश टोचलेली अंडपेशी अवपरासारी, म्हणजे तिच्यापेक्षा कमी तीव्र, द्रावणात ठेवताच भराभर फुगली आणि फुटली. न टोचलेली तशीच राहिली. हा प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्या प्रथिनाला अॅक्वापोरिन म्हणतात आणि त्यासाठी एग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच पारितोषिकाचे दुसरे मानकरी रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशिअम आयनांच्या मार्गिकेची रचना उलगडली. ही मार्गिका मोठ्या पोटॅशिअम आयनाला वाट देते आणि त्याहून लहान सोडिअम आयनाला अडवते, त्यामुळे ‘लहान कण जातात, मोठे अडतात’ हे निवडक्षमतेचे वर्गातील नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

प्रथिने मेदात चिणून बसवलेली नसतात. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडली व दोहोंच्या पृष्ठप्रथिनांना वेगवेगळ्या रंगांची चमक दिली. ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत दोन्ही रंग सर्वत्र मिसळले, आणि थंडीत मिसळण्याचे हे काम मंदावले. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी मांडलेल्या प्रवाही मोझॅक प्रारूपात (तरल मेदात प्रथिने विखुरलेली, असे पटलाचे चित्र) ही तरलता केंद्रस्थानी आहे. ती मेदाम्लांच्या शेपट्यांवर ठरते, आणि ते समजण्यासाठी थंडीच्या दिवसांतले खोबरेल तेल आठवावे: ते बाटलीत थिजते, शेंगदाण्याचे तेल मात्र पातळ राहते, कारण पहिल्यातील मेदाम्ले बहुतांश संपृक्त व सरळ असून एकमेकांना चिकटून बसतात, आणि दुसऱ्यातील असंपृक्त मेदाम्लांना बाक असल्याने ती तशी बसू शकत नाहीत. थंड पाण्यातील माशांच्या पटलांत असंपृक्त मेदाम्ले अधिक असतात. प्राण्यांच्या पटलातील कोलेस्टेरॉल उष्णतेत थराला फार सैल होऊ देत नाही आणि थंडीत त्याला थिजूही देत नाही.

ऊर्जा खर्चून होणारी वाहतूक

विसरण (कणांचे दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरणे) आणि परासरण यांना पेशीची ऊर्जा लागत नाही. सोडिअम-पोटॅशिअम पंपाला ती लागते: एटीपीचा, म्हणजे पेशीतील ऊर्जावाहक पदार्थाचा, एक रेणू खर्चून तो तीन सोडिअम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आयन आत घेतो. डेन्मार्कमधील येन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंतून हे विकर ओळखले व १९९७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. मुख्यतः या असमान वाटपामुळे आणि पोटॅशिअमच्या मार्गिकांमुळे मज्जापेशीच्या पटलावर विश्रांतीच्या स्थितीत सुमारे ७० मिलिव्होल्टचा विभवांतर टिकून राहतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ७ नॅनोमीटर जाडीने भागून पाहावा. दर मीटरला एक कोटी व्होल्ट इतके तीव्र विद्युतक्षेत्र त्या पातळ थरावर असते. मोठे कण आत घेणारे पेशीय भक्षण आणि बाहेर टाकणारे पेशी उत्सर्जन यांतही ऊर्जा खर्च होते. अमिबाचा भक्ष्य गिळतानाचा एखादा चित्रफितीचा तुकडा पाहिला की त्याविषयी वेगळे फार लिहावे लागत नाही.

शिकलेले कितपत मुरले हे पाहण्यासाठी जलसंजीवनीचे पाकीट हातात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट असते. प्रश्न असा विचारावा की जुलाबाने पाणी आणि क्षार गेले असताना साखर कशासाठी? पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूचे विष आतड्याच्या पेशींतील क्लोराइडच्या मार्गिका उघड्या ठेवते आणि त्यामागोमाग पाणी आतड्यात वाहते. परंतु याच पेशींच्या पटलात सोडिअम आणि ग्लुकोज यांना एकत्रच आत घेणारे एक वाहक प्रथिन असते, आणि ते या विषाने बिघडत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर दोन सोडिअम आयन आत जातात व त्यांच्यामागून पाणी. केवळ मिठाचे पाणी पाजले तर हा मार्ग ग्लुकोजविना अडून राहतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर तोंडावाटे देऊन मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आणले. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण आहे. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. साखर जास्त घातली तर द्रावण अतिपरासारी होऊन आतड्यात उलट पाणी खेचले जाते आणि जुलाब वाढतात. ऱ्हिओच्या पेशीत जे दिसले, तेच येथे रुग्णाच्या आतड्यात घडते, म्हणून चमचा सपाट घेण्याची सूचना अक्षरशः पाळायची असते.

आकृती शेवटी

आता आकृती काढावी, आणि ती पुस्तक मिटून काढावी. फॉस्फोलिपिडच्या दोन ओळी काढताना शेपट्या आत आल्या आहेत ना, हे पाहावे. सगळ्या शेपट्या सरळ काढू नयेत. काहींना बाक द्यावा. काही प्रथिने दोन्ही थरांतून आरपार जाणारी आणि काही केवळ एका बाजूस टेकलेली दाखवावीत. प्रथिनांना व मेदांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या फक्त बाहेरच्या बाजूस काढाव्यात. त्या दोन्ही बाजूंना काढल्या तर आकृती चुकली असे समजावे, कारण पेशी एकमेकींना ओळखतात त्या बाहेरील साखळ्यांवरून, आणि रक्तगट ए, बी, एबी व ओ हेही लाल पेशीवरील याच साखळ्यांतील फरकांवरून ठरतात. प्राणिपेशीचे पटल असेल तर शेपट्यांच्या मध्ये कोलेस्टेरॉल दाखवावे. वनस्पतीचे असेल तर त्याच जागी वनस्पतींतील स्टेरॉल येतात आणि बाहेर, अंतर सोडून, भित्तिका येते.

आकृतीखाली प्रमाण लिहिण्याची सवय बहुतेकांना नसते. वहीत पटल एक सेंटिमीटर जाडीचे काढले असेल आणि त्याची खरी जाडी ८ नॅनोमीटर धरली, तर आकृती साडेबारा लाख पटींनी मोठी झाली. त्याच प्रमाणात १०० मायक्रोमीटर लांबीची ऱ्हिओची पेशी काढायला १२५ मीटर लांबीचा कागद लागेल. हा आकडा आकृतीच्या कोपऱ्यात लिहून मगच वही तपासायला द्यावी.